चपलांचा तेविसावा जोड

“एकवीस.”

“बावीस.”

“तेवीस.”

मिहीरने हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कागदावर बावीस नावं होती. मुंबईत बसमध्ये चढवताना मी स्वतः बावीस मुलं मोजली होती. कर्जत-चौक रस्त्यावरून आत वळून कॅम्पच्या फाटकाशी उतरवली तेव्हाही बावीसच होती.

“पुन्हा एकदा,” मी म्हटलं.

मुलांनी पुन्हा ओळीने आकडे म्हटले. पुन्हा तेवीस. मग मी एकेकाच्या टोपीला बोट लावत मोजली. टोप्या बावीस, मास्क बावीस, पाण्याच्या बाटल्या बावीस.

“कुणीतरी मस्करी करतंय,” मिहीर म्हणाला. मलाही तसंच वाटलं. पण मस्करी करणारं पोर कुठेतरी खुदकन हसतंच. इथे कुणीही हसत नव्हतं. सगळी मुलं डोंगराकडे बघत होती.

मी तेव्हा मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डची सिस्टर इनचार्ज होते. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. एक संस्था दर मे महिन्यात आमच्या मुलांना पाच दिवस कर्जतजवळच्या डोंगरपायथ्याशी कॅम्पला न्यायची. मिहीर त्या संस्थेचा माणूस. वय तिशीचं, गळ्यात शिट्टी, उत्साह अफाट. औषधपाण्याची बाजू माझ्याकडे. ज्यांचा काउंट बरा असेल अशीच मुलं निवडायची. काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. तो ठीक असला की मूल जंतूंशी दोन हात करतं, खाली असला की साधी सर्दीसुद्धा महागात पडते. आईवडील बरोबर नाहीत, सलाइनचा स्टँड नाही, पांढरे कोट नाहीत. अशाने मुलांच्या मनावरचा ताण उतरतो, असं मिहीर सांगायचा. मुलांचा उतरतो आणि सगळाच्या सगळा माझ्या डोक्यावर चढतो, असं मी म्हणायचे.

दर वर्षी मुलं नवी असायची. त्या वर्षीच्या बावीस जणांपैकी एकानेही ही जागा आधी पाहिलेली नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा प्रकार त्यावाचून कळणार नाही.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर मिहीर मुलांना आवार दाखवायला निघाला. मुलं त्याच्या पुढे गेली. हॉलच्या मागून वळून, करवंदीच्या जाळीला वळसा घालून ती थेट उंबराखालच्या झऱ्यापाशी पोचली. तो झरा वाटेवरून दिसतही नाही. एका मुलाने दुसऱ्याचा हात धरून त्याला मागे ओढलं आणि म्हणाला, “तिकडून नको. वारूळ आहे.” आम्ही वाकून पाहिलं. पाचोळ्याखाली खरंच वारूळ होतं.

“सिस्टर, मी यांना काहीही सांगितलेलं नाही,” मिहीर माझ्या कानाशी म्हणाला.

“मग तुम्हाला कसं माहीत रे हे सगळं?” मी विचारलं.

उत्तर रेणुकाने दिलं. रेणुका नऊ वर्षांची, बीडकडची. कमी बोलणारी पण चिवट. “बुधीने दाखवलं,” ती म्हणाली.



बुधी ही डोंगरावरच्या ठाकरवाडीतली पोर, वय अकरा. आदल्या वर्षीच्या कॅम्पमध्ये आमच्या डॉक्टरांनी वाडीतल्या लोकांना तपासलं होतं, तेव्हा ही सापडली. अंगावर निळे डाग, सुजलेल्या गाठी, महिनाभर ताप. रक्ताचा कॅन्सर निघाला. तिचा बाप तिला घेऊन मुंबईला आला आणि वॉर्डात तिच्याजवळ राहिला. आईला घर सोडता येईना, कारण वर म्हातारी सासू आणि धाकटी मुलगी मंगळी. बुधीला बेड नंबर पाच मिळाला, शेजारी सहा नंबरला रेणुका. बुधीला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो थांबायचा नाही. सगळा वॉर्ड तिच्याभोवती गोळा असायचा.

मार्चमध्ये, एका पहाटे, ती गेली. मी ड्यूटीवर होते. तिचे डोळे मी माझ्या हाताने मिटले.

आमच्याकडे ड्यूटी बदलताना हँडओव्हर देतात. म्हणजे जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरबरोबर एकेका बेडपाशी उभी राहते आणि सांगते: याला ताप, त्याला रक्त चढवायचंय, हिने काही खाल्लेलं नाही. काही लपवायचं नाही, काही गाळायचं नाही. त्या सकाळीही मी नियमाने हँडओव्हर दिला. मग मुलं उठली. बेड पाच रिकामा, वर कोरी चादर. रेणुकाने विचारलं, “बुधी कुठंय?” आमच्या वॉर्डाची जुनी रीत होती, ती मीही पंचवीस वर्षं पाळत आले होते. मी म्हटलं, “बुधीला बरं वाटलं. ती घरी गेली.”

वेळ मारून नेली. रेणुकाने पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

पण बाकीच्या मुलांची घरं लांब असायची, जालना, उत्तर प्रदेशातलं बस्ती, बंगालमधलं मालदा. बुधीचं घर कॅम्पच्या बरोबर डोक्यावर होतं. कॅम्पला कर्जतला जायचं हे जानेवारीतच ठरलं होतं. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच दिवशी चार वाजता मी औषधांची पेटी लावत होते. बाहेर अचानक सगळं शांत झालं. बावीस मुलं एकाएकी गप्प झाली की कुठल्याही सिस्टरचं काळीज हलतं, म्हणून मी ओट्यावर आले. मुलं रांगेत उभी होती, डोंगराकडे तोंड करून. रेणुका सगळ्यांच्या पुढे. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली.

“बुधीऽऽऽ”

मे महिन्यातली दुपार. झाडाचं पान हलत नव्हतं. समोर काळा कडा उन्हात तापलेला. क्षणभर काहीच नाही. मग वरून, लांबून, एका मुलीचा आवाज आला.

“ओऽऽऽ”

माझ्या हातातली कापसाची गुंडाळी खाली पडली. मुलं मात्र समाधानाने मागे वळली आणि खेळायला गेली.

“एको असेल,” मिहीर म्हणाला.

“एको आपलंच बोलणं परत करतो,” मी म्हटलं. “‘बुधी’ म्हटल्यावर ‘ओ’ देत नाही.”

पंचवीस वर्षांत मी नको इतके मृत्यू पाहिले होते आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी त्या दिवशी मी ओट्यावरून आत जाऊन बसले आणि उगाचच पेटीतल्या सिरिंज मोजल्या.

संध्याकाळी रेणुकाने गोळी घेतली नाही.

तिची मेंटेनन्सची ट्रीटमेंट चालू होती. मोठी लढाई संपल्यावर बरेच महिने रोज एक गोळी घ्यायची, आजार परत उठू नये म्हणून. त्यातली एखादी चुकली तर आभाळ कोसळत नाही. पण मूल गोळीलाच नाही म्हणू लागलं तर आम्ही घाबरतो. अशी सवय लागलेली मुलं परत येतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

“का नको?”

“बुधी आल्यावर घेईन.”

“बुधी मामाकडे गेलीय गं, चार दिवस,” मी म्हटलं. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप सुचतं.

रेणुकाने माझ्याकडे नीट पाहिलं. “मग ओ कुणी दिली?”

मी गोळी परत डबीत ठेवली.

मंगळवारी सकाळी मी मुलींच्या खोलीत गेले. दाराबाहेर चपला ओळीने लावलेल्या असायच्या, हा मिहीरचा नियम. तेरा मुली, तेरा जोड. त्या सकाळी चौदा होते. आणि मुलांच्या बाजूला नऊ, म्हणजे एकूण तेवीस. चौदावा जोड निळ्या रबरी चपलांचा, अंगठा झिजलेला. बाकीच्या सगळ्या चपलांची तोंडं खोलीकडे होती, याची डोंगराकडे. मी तो उचलून माझ्या खोलीतल्या खाटेखाली ठेवला. दुपारी पाहिलं तर जोड पुन्हा ओळीत, तसाच, डोंगराकडे तोंड करून.

कुणाच्या चपला, हे मी मुलांना विचारलं नाही. माझी विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं.

चार वाजता पुन्हा हाक. पुन्हा वरून ओ. संध्याकाळी गोळी पुन्हा डबीत.

बुधवारी सकाळी मी डॉक्टरांना फोन लावला. कॅम्पात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची.

“दोन दिवस?” डॉक्टर म्हणाले. “सिस्टर, तुम्ही असताना?”

“सर, ती माझंच ऐकत नाहीये. मुद्दा तोच आहे.”

“उद्या सकाळपर्यंत घेतली नाही तर तिला परत घेऊन या. ॲडमिट करू, समजावू. कॅम्पचं पुढे बघता येईल.”

म्हणजे रेणुकाला एकटीला गाडीत घालून मागे न्यायचं. सगळ्यांच्या देखत, जानेवारीपासून ज्याची वाट पाहिली त्या कॅम्पमधून. ती गोळी घेईलही मग, पण आमच्यावर विश्वास कधी ठेवणार नाही. आणि पुढचे सगळे महिने तर तिच्या विश्वासावरच काढायचे होते.

त्या दुपारी मी मिहीरची पक्षी बघायची दुर्बीण मागून घेतली. पावणेचारलाच ओट्याच्या कोपऱ्यात बसले. रेणुकाची हाक गेली. मी कड्यावरून दुर्बीण फिरवत गेले. वाडीच्या खाली एक उघडा कातळ पुढे आलेला आहे. त्याच्या टोकावर एक लहान मुलगी बसली होती. अंगात पिवळा फ्रॉक, पाय खाली सोडलेले. डोक्यावर एकही केस नाही.

आमच्या वॉर्डात सगळीच मुलं तशी असतात. औषधाने केस जातात. बुधीचे पहिल्याच महिन्यात गेले होते. ते उघडं, बारीक डोकं मी मार्चमध्ये पुसून स्वच्छ केलं होतं.

मुलगी उभी राहिली, तोंडाशी हात नेले आणि ओ दिली. दुर्बिणीतून तोंड उघडलेलं आधी दिसलं आणि आवाज मागाहून आला.

मी उठले ती तडक स्वयंपाकघरात गेले. तिथे पार्वताबाई भाकऱ्या थापत होत्या. त्या खालच्या गावातल्या, कॅम्पचं जेवण त्यांच्याकडे. कशाला न घाबरणारी बाई. पण त्याही तव्याकडे बघतच बोलल्या.

“बाई, मी दोन दिस सांगीन सांगीन म्हनते. तुमी त्या हाका बंद करा.”

“का?”

“वाडीवरची लोकं लय भ्यालीत. खालनं पोरं मेलेल्या पोरीला बोलवतात. रोज, एकाच वक्ताला. तिची आय दाराला कडी लावून बसते. चूल पन पेटवली नाय काल.”

“आणि ओ कोण देतं?”

“तिची भयन, मंगळी. आय बोलते, पयल्या हाकेला ओ देऊ नको, हाक मारनारा घेऊन जाईल. ती ऐकत नाय, पळून कातळावर जाते. आता कालच्यान पोरीला ताप भरलाय.” त्यांनी भाकरी उलटली. “आय बोलते, मोठी आता धाकटीला न्यायला आली.”

मी तिथल्या पाटावर बसले. तीन दिवस आम्ही डोंगरातल्या आवाजाला भीत होतो आणि डोंगरावरची माणसं आमच्या आवाजाला. मधे एक आई होती. आपल्या मेलेल्या मुलीचं नाव ती रोज चार वाजता खालून ऐकत होती, लहान मुलांच्या तोंडून. आणि हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं होतं. मला माझी लाज वाटली, ती आजही वाटते.

त्या संध्याकाळीही गोळी डबीतच राहिली.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी पेटी घेतली आणि मिहीरला जीप काढायला सांगितली. रेणुका दारात उभी होती. पायांत बूट, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी.

“मीपण येणार.”

नियमाने तिला न्यायला नको होतं. मी म्हटलं, “चल.”

डांबरी रस्ता वाडीच्या अलीकडे संपतो. पुढे पंधरा मिनिटांची चढण. मिहीरला मी जीपपाशी थांबवलं. चढणीच्या सुरुवातीला एक सपाट दगड होता, त्यावर मी बसले आणि रेणुकाला शेजारी बसवलं.

“वर जायच्या आधी तुला एक सांगायचंय. बुधी बरी होऊन घरी गेली नाही. ती त्या दिवशी पहाटे वॉर्डातच गेली. म्हणजे मेली. मी तिच्याजवळ होते. मी तुला खोटं सांगितलं.”

ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “तिला दुखत होतं?”

“नाही. औषध दिलं होतं. झोपेत होती.”

“तिने मला हाक मारली होती?”

“नाही गं.”

तिने श्वास सोडला. “मला वाटलं, तिने हाक मारली आणि मी झोपलेच राहिले. म्हणून ती रागावून न सांगता गेली.”

दोन महिने हे पोर हे उरावर घेऊन वावरत होतं. मी तिच्या बेडशेजारून दिवसातून वीसदा जात होते.

“पिशवीत काय आहे?” आता कळलं असूनही मी विचारलं.

तिने निळ्या चपला काढल्या. “तिच्या कॉटखाली राहिल्या होत्या. सिस्टर, चपला सोडून घरी कोण जातं?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“अर्धं माहीत होतं. बाकीचं तुम्ही सांगत नव्हतात.” मग म्हणाली, “मी नुसती हाक मारून बघितली होती. ओ आली. मग वाटलं, तुमचंच खरं असेल.”

मोजताना ती आपला आकडा म्हणून झाल्यावर आवाज बदलून पुढचाही म्हणायची, हेही तिने तिथेच सांगितलं. सगळ्या मुलांना ते माहीत होतं. बुधीचा आकडा रिकामा ठेवायचा नाही, असं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं.

बुधीच्या घराचं दार आतून बंद होतं. मी हाक मारली तेव्हा आधी काहीच हालचाल झाली नाही. मग मी म्हटलं, “मी हॉस्पिटलची सिस्टर.” दार उघडलं.

आई माझ्या मुलीच्या वयाची निघाली, फार तर तिशीची. मंगळी आत गोधडीवर पडली होती. सात-आठ वर्षांची, डोकं गुळगुळीत. उन्हाळ्यात डोक्यात फोड झाले म्हणून आईने केस काढले होते. मी ताप पाहिला, जीभ पाहिली. तिच्या अंगात पाणी कमी पडलं होतं. भर उन्हात तापल्या कातळावर जाऊन बसायची, दुसरं काय होणार. तापाचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं.

“ती न्यायला आली का हिला?” आईने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“नाही. ऊन लागलंय. संध्याकाळी खेळायला लागेल.”

“मंग तुमी का बोलवता तिला?”

मी तिला सगळं सांगितलं. मी मुलांशी काय खोटं बोलले, त्यातून काय झालं, सगळं. ती ऐकत होती. मंगळी गोधडीतून म्हणाली, “ताईनंच सांगलेलं. बाबाच्या फोनवर. माझ्या मैत्रिनी येतील, खालनं हाक मारतील. मी नसले तर तू ओ दे.”

आईने मंगळीकडे पाहिलं. हे तिला आजच कळत होतं.

रेणुका इतका वेळ दारात होती. ती पुढे आली आणि चपला आईसमोर ठेवल्या. आईने एक चप्पल उचलली, अंगठ्याच्या झिजलेल्या जागेवर बोट फिरवलं. “कर्जतच्या बाजारात घेतलेल्या,” ती म्हणाली. “धडपनी रडू पन नाय आलं मला. पोरगी गेली ती चालत, आली ती गुंडाळून. मधलं काय मला ठावंच नाय.”

“मला माहीत आहे,” रेणुका म्हणाली. “सांगू?”

मग ती बोलायला लागली. वर्षभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. दुपारी औषध चढवून झालं की चार वाजता बुधी सगळ्यांना डोळे मिटायला लावायची आणि इथे घेऊन यायची. आता हॉलच्या मागे वळा, आता करवंदीची जाळी, जपून, वारूळ आहे, आता झऱ्यात पाय घाला. एक मुलगा तर रोज म्हणायचा की पाणी फार गार आहे. मला आठवलं, चार वाजता तो कोपरा गजबजायचा आणि मी ओरडायचे, गोंगाट करू नका म्हणून.

आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. पदर भिजला होता. मधेच तिने विचारलं, “रडायची का?”

“सुई टोचताना रडायची. मग सिस्टरना शिव्या द्यायची. ठाकरांच्या भाषेत.”

आईला रडता रडता हसू आलं. त्या शिव्या कुठून शिकली, ते तिला बरोबर माहीत असणार.

थोड्या वेळाने रेणुका माझ्याकडे वळली. “गोळी आणलीय का?”

पेटीत होती. बुधीच्या आईने मडक्यातलं पाणी आणलं. मी सवयीने माझी उकळलेल्या पाण्याची बाटली पुढे केली. रेणुकाने बाटलीतलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. तोंड उघडून जीभही दाखवली, वॉर्डात दाखवतात तशी. उतरताना मी डॉक्टरांना फोन केला. “घेतली,” एवढंच म्हटलं. ते म्हणाले, “काय केलंत?” मी म्हटलं, “हँडओव्हर दिला.”

कॅम्पात परतल्यावर मिहीरने सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि मी तेच पुन्हा सांगितलं. काही रडली. एकाने विचारलं, “आता आकडा म्हणायचा नाही का?” ते तुम्ही ठरवा, मी म्हटलं.

दुपारी बुधीची आई करवंदांची पाटी घेऊन खाली आली. कडेवर मंगळी, ताप उतरलेला. करवंदं धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यातून पुन्हा काढून मगच मी मुलांना दिली. त्यावर पार्वताबाई मला बरंच काही बोलल्या. मुलं बुधीच्या आईभोवती गोळा झाली आणि एकेक जण बुधीची एकेक गोष्ट सांगू लागला. बुधीने त्यांना झऱ्याकाठच्या वाघाची गोष्ट सांगितली होती, ती ऐकून आई म्हणाली, “वाघ-बिग काय नाय हितं. तिनं कोल्हा पन बघितला नाय कदी.” मुलांना हा फसवणुकीचा मोठाच धक्का बसला. मुलं दोन तास हसत होती, रडत होती, भांडत होती. मुलांच्या मनाला अशा कॅम्पने काय मिळतं ते मिहीरने मला चार वर्षं सांगितलं होतं, ते त्या दिवशी मला कळलं. झाडं आणि मोकळी हवा हे निमित्त. वॉर्डात जे बोलायला जागा नसते ते इथे मोठ्याने बोलता येतं.

चार वाजले. कुणी हाक मारली नाही.

त्या मायलेकी निघताना मी मंगळीला सहज विचारलं, “तीन दिवस ओ देऊन दमलीस ना?”

“दोन दिस,” ती म्हणाली. “सोमवारी मी नव्हते. बाबासंगं करवंदं इकाय कर्जतला गेलेले. रातच्या टेंपोनं आलो.”

मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली, खरं आहे म्हणून. मिहीरनेही ते ऐकलं आणि तो बसचं टायर बघायला निघून गेला. कॅम्पच्या रिपोर्टमध्ये मी ते लिहिलं नाही.

शुक्रवारी बसमध्ये मोजणी झाली. रेणुका आपला आकडा बोलली आणि थांबली. पुढच्या मुलाने लगेच पुढचा म्हटला नाही. सगळ्यांनी एका आकड्याइतकी जागा सोडली, मग मोजणी पुढे गेली. बेरीज बावीस.

जूनमध्ये आमच्या वॉर्डात बेड दोनवरचा मुलगा गेला. सकाळी मी सिस्टरना हँडओव्हर दिला आणि मग वॉर्डाच्या मधोमध जमिनीवर बसले. मुलांना म्हटलं, या. सगळं सांगितलं, कुठल्या वेळी, कसं, कोण जवळ होतं. तपासणीसाठी ॲडमिट झालेली रेणुका शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

“त्याच्या चपला आईला दिल्या का?”

मी उठले, बेड दोनपाशी गेले आणि खाली वाकून पाहिलं. चपला तिथेच होत्या. आई अजून खाली ॲम्ब्युलन्सपाशी उभी होती. मी त्या हातात घेतल्या आणि जिन्याने धावत खाली गेले.

आता मी निवृत्त आहे. रेणुका कॉलेजला जाते. आमच्या वॉर्डाच्या हँडओव्हरच्या कागदावर, औषधं आणि रिपोर्टच्या खाली, एक जास्तीची ओळ आहे. नव्या सिस्टर मुली विचारतात, हे काय आहे. तिथे एवढंच लिहिलेलं आहे: कॉटखाली बघा.